जुना ट्रक घेताना रंग नव्हे, चासी पाहा



निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम हातात आली की मुलाला जुना ट्रक घेऊन द्यावा, असा विचार अनेक कामगार करतात. विचार वाईट नाही. परंतु लाखो किलोमीटर धावलेली गाडी नवा रंग आणि दलालाचा शब्द एवढ्यावर घेणे म्हणजे आयुष्याची कमाई जुगारात लावणे होय.

रेल्वेत मालगाडी सुटण्यापूर्वी कॅरेज-वॅगनचे कामगार वाकून ब्रेक, स्प्रिंगा, चाके तपासतात. जुन्या ट्रकची अशी तपासणी घेणाऱ्यानेच केली पाहिजे.

प्रथम चासी पाहावी. वेल्डिंगचे जोड, ढिले रिबीट, जागोजाग ताजा रंग दिसल्यास गाडी अपघातातली किंवा ओव्हरलोड चाललेली असू शकते. इंजिन पुन्हा बांधता येते. मोडलेली चासी पूर्ववत होत नाही.

इंजिन थंड असतानाच सुरू करावे. आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडताच जोराने धूर आला तर रिंगा-लायनर झिजले समजावे. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी उतरते आहे. मीटरच्या आकड्यावर विसंबू नये. तो मागे फिरवता येतो.

हवेचा काटा पूर्ण चढल्यावर इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरावा. काटा उतरत राहिला तर गळती आहे. पुढचे चाक जॅकवर उचलून हलवावे, म्हणजे किंगपिनची झीज कळते. माल भरून चढावर गिअर सुटतो का, तेही पाहावे.

चासी नंबर आरसीशी जुळवावा. बँकेचा बोजा, थकीत कर, चलने तपासावीत. आठ वर्षांवरील गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे खरेदीनंतर तीस दिवसांत हस्तांतरणाची नोंद करण्यास द्यावी.

दलाल म्हणतो, "पासिंग झाले आहे, काळजी कसली?" पण घाटात ब्रेक निकामी झाल्यावर जीव जातो तो ड्रायव्हर-क्लीनरचा, दलालाचा नव्हे. म्हणून हा केवळ खासगी व्यवहार मानू नये. प्रत्येक शाखेने अनुभवी मेकॅनिकांची यादी ठेवावी आणि गाडी पाहायला जाणाऱ्या सभासदासोबत त्यांच्यापैकी एकाला पाठवावे. कामगाराचा पैसा आणि प्राण वाचवणे हेही संघटनेचेच काम आहे.