रिमोट नाही, बॅटरी नाही, तरी माल "चालू"?

मुंबईच्या चोर बाजारात शुक्रवारी पहाटे पथाऱ्या लागतात, त्यांत रिमोटची जुनी खेळणीही असतात. गाडी आहे तर रिमोट नाही, रिमोट आहे तर गाडी नाही, दोन्ही आहेत तर बॅटरी गायब. विचारले की ठरलेले उत्तर मिळते, "चालू माल आहे, फक्त सेल टाका." ज्याने स्वतः सेल टाकून पाहिला नाही, तो "चालू" कशाच्या आधारावर म्हणतो?

उलट आपले काही भाई जोडी तुटली म्हणून चांगला माल किलोच्या भावाने भंगारात देतात. पहिल्यात गिऱ्हाईक बुडते, दुसऱ्यात आपण. दोन्हींच्या मुळाशी तपासणीचा आळस आहे.

वास्तविक, सोबतचा भाग नसला तरी बरेच काही तपासता येते. साध्या खेळण्यातील दोन तारांच्या मोटारीला दोन पेन्सिल सेल, म्हणजे ३ व्होल्ट, थेट लावावेत. तारा उलट केल्या की ती उलटी फिरली पाहिजे. तीन तारांच्या ब्रशलेस मोटारीला असे सेल लावू नयेत. ती त्याने फिरत नाही. तिच्या दोन तारा एकमेकींना जोडून दांडा हाताने फिरवावा. मोकळ्या तारांपेक्षा तो जड गेला पाहिजे, आणि तिन्ही जोड्यांत सारखाच जड. एखादी जोडी हलकी लागली तर आतले वाइंडिंग तुटले समजावे.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो चाक वळवणाऱ्या सर्व्होवर. त्याला नुसता करंट दिला आणि तो हलला नाही की लोक फेकून देतात. अहो, त्याची तिसरी तार हुकमाची असते. हुकूमच नाही तर तो हलेल कसा? सर्व्हो टेस्टर नावाची लहानशी डबी मिळते. ४.८ ते ६ व्होल्टवर ती लावली की निकाल लगेच कळतो.

रिमोट हरवलेल्या गाडीच्या पोटावरचा आकडा वाचावा. २७ मेगाहर्ट्‌झ असेल तर त्याच आकड्याच्या दुसऱ्या खेळण्याचा रिमोट कधी कधी चालून जातो. नाही चालला तरी गाडी बाद ठरत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झच्या गाडीला मात्र तिच्याशी जुळणारा रिमोटच लागतो. तो नसेल तर तिचे सर्किट तपासलेच गेले नाही, आणि तसे तोंडाने सांगितले पाहिजे. फुगलेली लिथियम बॅटरी तर विकूच नये, फुकटही देऊ नये. ती आग धरते.

हदीस शरीफमध्ये धान्याच्या ढिगाचा प्रसंग आहे. हुजूर (स.) यांनी ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली, आणि ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. बिनतपासलेला भाग म्हणजे ढिगाच्या आतला दाणा. ओला की कोरडा, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. मग निदान "ठाऊक नाही" एवढे तरी त्याने म्हणावे. हनफी फिकहमध्ये ऐबाची जबाबदारी न घेण्याच्या अटीवर केलेली विक्री जायज आहे (कोकणातील शाफई भाइयांनी आपल्या आलिमांना विचारावे), पण माहीत असलेला ऐब लपवण्याची मुभा त्यात नाही. अशी अट घातलीच नसेल तर खियार-ए-ऐबप्रमाणे जुना ऐब निघाल्यावर माल परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

आमच्या कपड्याच्या धंद्यात सेकंडचा माल सेकंड म्हणूनच विकतात, आणि त्याचे गिऱ्हाईक वेगळे, कायमचे असते. इथेही दुरुस्ती करणारा कारागीर तेच शोधतो. प्रत्येक भागाला एक चिठ्ठी बांधावी: "मोटार पाहिली, सर्व्हो पाहिला, सर्किट पाहिले नाही." पाहिलेल्याचा भाव वेगळा, न पाहिलेल्याचा वेगळा. मल्टीमीटर, चार सेल आणि सर्व्होची डबी, एवढ्या सामानावर हे काम पथारीवर बसूनही होते.