सौम्य उपाय नेमका कोणता?

मुलाला दमा आहे असं निदान झालं की घरात दोन गोष्टी जोडीने घडतात. पंपाचं, म्हणजे इन्हेलरचं, नाव निघताच सगळे दचकतात. आणि व्हिटॅमिन डी, माशाचं तेल, मॅग्नेशियम, हळदीचा अर्क यांच्या डब्या फडताळात जमू लागतात. या डब्यांची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडू. दमा प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे होतो, म्हणून ती पोषणाने वाढवावी. पंपात स्टिरॉइड असतं. त्याची सवय लागते, उंची खुंटते. उलट पूरक गोळ्या म्हणजे अन्नच. लागू पडल्या तर उत्तम, नाही पडल्या तर गेलं काय? शिवाय ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचा दमा त्यांनीच गेलेला असतो.

पहिला मुद्दा मुळातच उलटा आहे. बहुतेक दमेकरी मुलांची प्रतिकारयंत्रणा दुबळी नसते, ती नको तिथे भडकते. धूळ, परागकण, साधी सर्दी एवढ्यानेही श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज येते, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो. ही सूज खोकला नसतानाही आत धुमसत असते. तिला ‘ताकद’ देऊन काय साधणार?

दुसरा मुद्दा अभ्यासांचा. 2016 मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात व्हिटॅमिन डीमुळे दम्याचे तीव्र झटके कमी होत असावेत असं दिसलं. लोकांच्या लक्षात राहिलं ते तेवढंच. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. 6 ते 16 वयाची 192 दमेकरी मुलं, सगळ्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी; काहींना 48 आठवडे रोज 4000 युनिट दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. तीव्र झटके टळण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. आणि या मुलांचा स्टिरॉइडचा पंप चालूच होता, हेही विसरू नये. 2023 मध्ये कॉक्रेनने नव्या चाचण्या धरून हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा आधीचा फायदा टिकला नाही.

माशाच्या तेलासाठी हमखास पुढे केला जातो तो 2016 चा डेन्मार्कमधला अभ्यास. त्यात तेल दिलं होतं गर्भवतींना. त्यांच्या मुलांमध्ये दमा किंवा सततची घरघर 23.7 टक्क्यांवरून 16.9 वर आली. निष्कर्ष मोलाचा आहे, पण दमा जडलेल्या आठ वर्षांच्या मुलाला कॅप्सूल देण्याचा आधार तो नव्हे. मॅग्नेशियमचंही तसंच. तीव्र झटक्यात रुग्णालयात ते शिरेतून देतात आणि त्याचा उपयोग होतो. म्हणून गोळीही चालेल, असं त्यातून निघत नाही.

‘अमक्याचा गेला’ या दाव्याचं काय? दमा ऋतूंप्रमाणे चढतो-उतरतो, आणि लहानपणी सर्दीबरोबर छाती वाजणाऱ्या पुष्कळ मुलांचा त्रास शाळेत जाण्याच्या वयापर्यंत आपोआप ओसरतो. त्या काळात जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. हैदराबादला मृग नक्षत्रावर जिवंत मासळीतून दिल्या जाणाऱ्या औषधाची कीर्ती याच हिशेबावर टिकते. आपल्या औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात दम्याचं नाव आहे. म्हणून तो बरा करण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही. पूरक गोळ्यांच्या डबीवर तर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावंच लागतं.

राहिली पंपाची भीती. आईवडिलांचा निकष मला मान्य आहे: मुलाच्या शरीरात कमीत कमी औषध जावं. त्याच निकषावर पाहू. आवळलेल्या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपातून एका दाबात 100 मायक्रोग्रॅम औषध निघतं. त्याच औषधाची लहान गोळी 2 मिलिग्रॅमची, म्हणजे वीस दाबांएवढी, आणि ती पोटातून रक्तात मिसळून सगळ्या अंगभर फिरते. रोजच्या स्टिरॉइडचा डोसही मायक्रोग्रॅमांत असतो, थेट सुजेवर पडतो आणि त्याचं व्यसन लागत नाही. उंचीची शंका मात्र रास्त आहे. ज्या मोठ्या अमेरिकी चाचणीतली मुलं प्रौढ होईपर्यंत तपासली गेली, त्यात ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडचा पंप घेतलेल्यांची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटरने कमी भरली. पण पंप टाळल्यावर वारंवार येणाऱ्या झटक्यांसाठी तोंडाने मोठ्या मात्रेत द्यावं लागणारं स्टिरॉइड वाढीला याहून घातक ठरतं. याउलट, निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या व्हिटॅमिन डीच्या 60,000 युनिटच्या पुड्या मनाने देत राहिल्या, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

मग पोषणाला जागा नाही का? भरपूर आहे. तपासणीत व्हिटॅमिन डी किंवा लोह कमी निघालं तर डॉक्टरांच्या मापाने जरूर द्यावं, हाडांसाठी आणि रक्तासाठी. वजन जास्त असेल तर ते आटोक्यात आणल्याने दमाही आवरायला मदत होते. भाजी, फळं, मासे रोजच्या जेवणात असू द्यावेत. दही, केळं, भात ‘कफ करतात’ म्हणून सरसकट तोडू नयेत. ॲलर्जी सिद्ध झालेला पदार्थ तेवढा टाळावा. घरात विडी-सिगारेट, डासांची कॉइल, उदबत्तीचा धूर आणि पावसाळ्यातली भिंतीवरची बुरशी, यांवर घेतलेली मेहनत डबीपेक्षा कितीतरी जास्त फळते.

आणि पंप स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, लावूनच द्यावा. स्पेसर परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली नीट भोक पाडून, पंप घट्ट बसवून चालते, हे दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासाने 1999 मध्येच दाखवलं. ते डॉक्टरांकडून शिकून घ्यावं. बोलताना वाक्य तुटणं, फासळ्या आत ओढल्या जाणं, ओठ निळसर पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठावं.

दोष एकट्या पालकांचा नाही. चिठ्ठीवर पंप लिहून तो कसा ओढायचा हे न दाखवणारा डॉक्टर त्यांना डबीकडे ढकलतो. म्हणून पुढच्या भेटीत पंप, स्पेसर आणि घरातली प्रत्येक डबी बरोबर न्यावी, मुलाला डॉक्टरांसमोर पंप ओढायला लावावं, आणि झटका आला तर काय करायचं ते कागदावर लिहून घ्यावं. त्यानंतरही एखादी गोळी चालू ठेवावीशी वाटली तर डॉक्टरांना विचारून ठेवावी, पण तिच्या भरवशावर पंप एक दिवसही बंद करू नये.