भाग बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे



सिग्नलपाशी उभ्या असलेल्या मोटारीच्या एक्सिलरेटरवर चालकाचा पाय नसतो, तरी इंजिन मिनिटाला सुमारे ७०० ते ९०० फेरे घेत शांतपणे चालू राहते. हवेच्या मार्गातील थ्रॉटलची चकती तर तेव्हा मिटलेली असते. मग इंजिनाला हवा कोठून मिळते?

अनेक गाड्यांत चकतीला वळसा घालून जाणारी एक अरुंद वाट असते व तिच्यावर विजेवर चालणारी एक झडप असते. गाडीतील संगणक फेरे मोजतो. ते कमी झाले की झडप अधिक उघडतो, वाढले की मिटवतो. (अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत मोटरने हलणारी चकतीच हे काम करते.) जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला जो गोळ्यांचा नियामक जोडला, त्याचेही तत्त्व हेच होते.

आता समजा, उभ्या गाडीचे इंजिन १५०० फेरे घेऊ लागले. स्कॅनरवर 'पी ०५०७' ही खूण उमटली. पुष्कळदा अशा वेळी लगेच नवी झडप बसविली जाते. माझ्या मते ही दुरुस्ती नव्हे, हा अंदाज आहे. आणि अंदाज चुकला तर भुर्दंड गाडीमालकाला बसतो. त्या खुणेचा अर्थ एवढाच, की फेरे अपेक्षेपेक्षा जास्त आहेत. तापमापी ताप दाखविते. तो हिवताप की विषमज्वर, हे सांगत नाही.

म्हणून आधी विचार करावा. फेरे वाढले, म्हणजे बहुधा हवा जास्त शिरत आहे. तिच्या वाटा तीन: चकती पुरती मिटत नसेल, झडप उघडी अडकली असेल, किंवा चकतीच्या पुढची एखादी रबरी नळी वा गॅस्केट चिरले असेल. थंड इंजिन मुळातच जलद फिरते, म्हणून ते प्रथम गरम होऊ द्यावे. चकती तपासावी. मग झडपेची वाट तेवढी बंद करावी. फेरे उतरले, तर दोष झडपेत किंवा तिला आज्ञा देणाऱ्या मंडलात आहे. उतरले नाहीत, तर हवा दुसरीकडून येत आहे. तेथे नवी झडप काय करणार? आणि झडप दोषी ठरली, तरी कित्येकदा तिच्यावरची काजळी साफ केली की काम भागते. (हे प्रयोग तुम्ही एकट्याने करू नका, चालू इंजिनाजवळ जाणता माणूस हवाच.)

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तसेच ठेवायचे, ही प्रयोगशाळेचीच शिस्त नव्हे काय? ती पाळणारा मेकॅनिक भौतिकीचेच काम करीत असतो, मग त्याचे हात तेलाने कितीही माखलेले असोत. तेव्हा घरची गाडी दुरुस्त होऊन आली, की कोणता भाग बदलला एवढेच विचारू नका. तोच भाग दोषी हे कसे ठरविले, तेही विचारा.