नवेगावच्या पाळीवर एक रविवार

सुटीत पोरांना कुठे न्यावे, आणि खिसाही रिकामा होता कामा नये, असे आमच्या ऑफिसातले शिपाईमामा मला नेहमी विचारतात. मी कारकून माणूस, हिशेब केल्याशिवाय उत्तर देत नाही. या खेपेला स्वतः जाऊन आलो आणि मगच उत्तर दिले.

जानेवारीतला रविवार होता. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी पॅसेंजर धरली, देवळगावला उतरलो आणि तिथून रमतगमत नवेगावबांधच्या तलावावर गेलो. मी, पत्नी, दोन मुले आणि माझी सत्तरीची आई.

आई यायला मुळीच तयार नव्हती. "त्या रानात का पाह्याचं हाये? त्याच्यातून तर कसेबसे निंगालो ना बापा," असे तिचे म्हणणे. तिचे माहेर याच अर्जुनी मोरगाव तालुक्यातले. लहानपणापासून तिने उन्हाळ्यात मोहफुले वेचली, तेंदूपत्ता तोडला आणि पावसात लोकांच्या बांध्यांत रोवणी केली. सत्तर पानांचे एक पुडके. अशी पुडकी बांधता बांधता मध्यरात्र व्हायची आणि मोजणीच्या वेळी मुनशी त्यातली काही खराब म्हणून बाजूला फेकायचा. जिथे असे दिवस काढले तिथे तिकीट काढून मौजेने फिरायला जायचे, ही कल्पनाच तिला पटेना. खरे सांगायचे तर मलाही लहानपणी आई तेंदूपत्त्याला जाते हे वर्गात सांगायची लाज वाटायची. हे आज प्रथमच लिहितो आहे.

तलाव मात्र डोळ्यांत न मावणारा. सुमारे अकरा चौरस किलोमीटर पाणी, भोवती सात टेकड्या. त्यांना लोक सात बहिणी म्हणतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असे सांगतात. भंडारा-गोंदियाकडे असे जुने तलाव आणि बोड्या गावोगाव आहेत. त्यांच्यावरच इथला धान पिकतो आणि धीवर बांधवांची मासेमारी चालते. बांधणाऱ्याचे नाव राहिले, ही चांगलीच गोष्ट. पाळीवर ज्यांनी माती वाहिली त्यांची नावे मात्र कुठे नाहीत.

हिवाळ्यात या पाण्यावर उत्तरेकडची बदके उतरतात. तलवार बदक, मोठी लालसरी अशी नावे मी पुस्तकातून पाठ करून नेली होती. पण लांबून मला सगळी बदके सारखीच दिसत होती. दुर्बीण नव्हती. धाकटा तासाभरात कंटाळला आणि भूक लागली म्हणून कुरकुरू लागला.

तेव्हा आईच पुढे झाली. रस्त्याकडेच्या एका झाडाशी थांबून म्हणाली, "हा ऐन. साल पाय, मगराच्या पाठीवानी." पोरे धावली. खरोखरच चौकोनी भेगा पडलेली काळपट साल होती. मग बिजा दाखवला. त्याच्या सालीला घाव पडला की रक्तासारखा लाल डिंक येतो. याच लाकडाच्या पेल्यात पाणी ठेवून साखरेचे रोगी पितात. त्याने साखर उतरते म्हणून कुणी गोळी बंद करू नये, हे मी मध्येच सांगितले आणि आईने माझ्याकडे रागाने पाहिले! पुढे तेंदू, चारोळी, धावडा. तेंदूची जुनी पाने बिडीला चालत नाहीत, उन्हाळ्यातली कोवळी पालवीच लागते. हे सगळे तिने दहा मिनिटांत सांगितले आणि पोरांचे तोंड उघडेच राहिले. चौथीतल्या मुलीने वही काढली आणि आजी सांगेल ते लिहू लागली.

१९७५ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा आई विशीत होती. राष्ट्रीय उद्यानात चराई करता येत नाही आणि पानफूलही आणता येत नाही. त्यामुळे तिच्या ओळखीच्या कितीतरी वाटा बंद झाल्या. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. जंगल राखले म्हणूनच वाघ राहिला, हे मी नाकारीत नाही. पण आत जायचे तर गाडीचे भाडे, गाइडचे पैसे आणि प्रवेश फी द्यावी लागते. पायी फिरायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. शिपाईमामांच्या पाच जणांच्या कुटुंबाला हा खर्च झेपायचा नाही. त्यांनी पाळीवर फिरावे. सारस पाहायचा असेल तर जंगलात जायचीही गरज नाही. माणसाएवढा उंच हा पक्षी गोंदिया तालुक्यात धानाच्या बांध्यांत जोडीने हिंडतो आणि पावसाळ्यात तिथेच घरटे करतो. बांधावरून, लांबून पाहावा. घरट्याजवळ जाऊ नये आणि उभ्या धानात शिरू नये.

वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी या तलावाकाठचे आपले दिवस पुस्तकात लिहून ठेवले आहेत. जून २०२५ मध्ये ते गेले. एवढा विद्वान माणूस, पण रानाची भाषा तो स्थानिक माणसांजवळ बसून शिकला. आमच्या घरात तशी एक बाई चाळीस वर्षे चुलीपाशी बसून होती आणि आम्ही तिला कधी काही विचारले नाही. तिच्या बरोबरीच्या कितीजणी आता उरल्या आहेत? वाचकहो, आपापल्या वस्तीत मोजून पाहा.

परतताना गाडीला उशीर होता. स्टेशनवर आईने मोहाचे सांगितले. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले गळतात म्हणून बाया अंधारातच निघतात. मोह अस्वलालाही आवडतो. वाकून वेचणारी बाई वाघाला माणूस वाटत नाही, म्हणून एकटीने जायचे नाही आणि सारखे बोलत राहायचे. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्यातून वणवा पेटतो. तिच्या वेळी त्या पाला हाताने झाडून घेत, असे ती म्हणाली.

"आता कधी आणशील?" हे तिनेच विचारले.

चैत्रात येऊ, मी म्हटले. ऊन चढल्यावर, गावातल्या बायांच्या सोबतीने, गावालगतच्या मोहाखाली. पोरीने वहीत शेवटी "माहिती सांगणार : आजी" असे लिहून ठेवले होते. आईने ते वाचून घेतले आणि म्हणाली, "नुसती आजी कायले? माह्यं नाव टाक."