लाडू कोणी वळावेत?

पौषातील थंडी अंगाला झोंबू लागली, की महाराष्ट्रातील घराघरांत संक्रांतीची चाहूल लागते. खरिपात पिकलेले तीळ आणि भुईमुगाच्या शेंगा यांची तोवर बाजारात आवक झालेली असते. गुऱ्हाळे सुरू झाल्यामुळे नवा गूळ दुकानात दिसू लागतो. ऋतूने जे पिकवले, तेच सणाच्या ताटात यावे, ही आपल्या पूर्वजांची साधी रीत. संक्रांतीचा तीळ, दाणे आणि गूळ यांचा लाडू हे त्याच रीतीचे फळ होय.

तथापि आज लाडू मिळवण्यासाठी घरी चूल पेटवण्याची गरज उरलेली नाही. पेठेत ते हवे तेवढे मिळतात. भ्रमणध्वनीवर बोट टेकवले, तर ते दारापर्यंतही येऊन पोचतात. मग घरी एवढा खटाटोप कशासाठी करावयाचा? या प्रश्नाला वडीलधारी माणसे बहुधा एकच उत्तर देतात : ‘घरच्या पदार्थाची सर विकतच्या पदार्थाला नाही.’ हे उत्तर खरे आहे. पण ते अपुरे आहे. ‘घरी करावेत’ असे म्हणताना ते कोणी करावेत, हे त्यात सांगितलेले नसते. आणि जे सांगितलेले नसते, ते बहुतेक घरांत एकट्या आईच्या वाट्याला येते. सणाचा लाडू घरीच करावा, हे योग्य. परंतु घर म्हणजे एकटी आई नव्हे, हे त्याहून अधिक योग्य आहे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीचे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. आई दिवसभर कचेरीत किंवा शेतात राबून संध्याकाळी परत येते. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी सकाळीच झालेली असते. रात्रीची जेवणे उरकली, की ती दाणे भाजावयास बसते. बाहेरच्या खोलीत दूरदर्शनसंचासमोर सर्व मंडळी बसलेली असतात. मधूनच कोणी तरी डोकावते, एक लाडू उचलते आणि ‘वा!’ म्हणून परत जाते. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर डबा उघडून अभिमानाने सांगितले जाते, ‘आमच्याकडे सारे काही घरीच होते!’ या वाक्यात अभिमान आहे. पण तो कोणाच्या कष्टांवर उभा आहे, याचा विचार नाही. सण सर्वांचा, गोडवा सर्वांचा आणि शीण मात्र एकीचा, ही वाटणी न्यायाची नव्हे.

कोणी म्हणेल, मुलांना यातले काय जमणार? दाण्याचा लाडू हा या शंकेचे उत्तर देण्यास अगदी योग्य पदार्थ आहे. त्यासाठी पाक करावा लागत नाही, की तळण काढावे लागत नाही. दोन वाट्या शेंगदाणे, एक वाटी चिरलेला गूळ, चमचाभर तूप आणि थोडी वेलदोड्याची पूड एवढ्या सामग्रीत पंधरा-सोळा लहान लाडू सहज होतात. शिवाय त्याच्या प्रत्येक कृतीमागे काही कारण आहे. आणि ज्याला कारण कळले, त्याला ते काम हलके वाटत नाही.

पहिले काम दाणे निवडण्याचे. ताटात दाणे पसरून खडे, माती आणि खराब दाणे बाजूला काढावयाचे असतात. हे काम क्षुल्लक वाटते. पण ते तसे नाही. ओल लागलेल्या दाण्यांवर एक प्रकारची बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्की जातीचे लाखाहून अधिक पक्षी एकाएकी मरण पावले. शोध घेता असे आढळले, की त्यांच्या खाद्यात बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड होती. तेव्हापासून शास्त्रज्ञ या विषाविषयी जागरूक झाले. म्हणून सुरकुतलेला, काळवंडलेला किंवा बुरशीचा दाणा जो मुलगा निवडून फेकतो, तो साऱ्या घराच्या आरोग्याची राखण करीत असतो.

दुसरे काम भाजण्याचे. जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, सारखे हलवत दाणे भाजावेत. विस्तवाजवळचे हे काम असल्याने मोठे माणूस शेजारी असावे. आच मोठी केली, तर दाणा बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. हळूहळू भाजला, तर त्यातील पाण्याचा अंश उडून जातो, साल सुटते, रंग तांबूस होतो आणि खमंग वास दरवळू लागतो. घाई करणाऱ्याला कढई जे शिकवते, ते दहा उपदेशांनीही साधत नाही. दाणे निवले, की ते हातांनी चोळून सुपात घ्यावेत आणि पाखडावेत. हलकी साले वाऱ्याबरोबर उडतात, जड दाणे सुपात राहतात. शाळेत वजन आणि वारा यांविषयी जे वाचावयाचे, ते येथे डोळ्यांनी दिसते.

तिसरे काम कुटण्याचे. शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मा भाग तेलाचा आणि सुमारे पाव भाग प्रथिनांचा असतो. खलबत्त्यात दाणा कुटला, की त्याच्या पेशी फुटतात आणि तेल बाहेर येते. हेच तेल, गुळाचा चिकटपणा आणि चमचाभर तूप यांच्या बळावर लाडू एकत्र राहतो. मिक्सर वापरावयाचा असेल, तर तो थांबत थांबत फिरवावा. सलग फिरवला, तर कूट होण्याऐवजी तेलकट गोळा होतो, आणि त्याहून अधिक फिरवला, तर मऊ लगदा होतो. पुष्कळ घरांत अशा वेळी ‘कूट बिघडले’ असे म्हणतात. गंमत अशी, की तोच लगदा अमेरिकेत ‘पीनट बटर’, म्हणजे शेंगदाण्याचे लोणी, या नावाने आवडीने खाल्ला जातो.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतील. तेथून तो जगभर पसरला आणि आपल्या मातीत असा रुजला, की तो कधी परका होता, हे आज कोणाच्या ध्यानीही येत नाही. उत्तर अमेरिकेत भाजलेल्या दाण्यांपासून लगदा तयार करण्याच्या कृतीचे पेटंट कॅनडातील मार्सेलस एडसन याने 1884 मध्ये मिळवले होते. शेंगदाण्याचे लोणी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर याने शोधून काढले, असे पुष्कळांना वाटते. पण ते खरे नाही. कार्व्हरची थोरवी निराळीच आहे. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ महाराष्ट्रातील असंख्य वाचकांच्या घरचा झाला आहे.

कार्व्हरचा जन्म गुलामगिरीत झाला. 1896 मध्ये तो अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील संस्थेत शेतीशास्त्र शिकवू लागला. कापसाचे पीक वर्षानुवर्षे घेऊन तेथील जमीन निःसत्त्व झाली होती. भुईमुगाच्या मुळांवरील गाठींमधील जीवाणू हवेतील नत्र जमिनीला मिळवून देतात. म्हणून कापसाबरोबर आलटूनपालटून भुईमुगासारखी पिके घ्या, असे तो गरीब शेतकऱ्यांना सांगे. पण पिकलेल्या शेंगांचे करावयाचे काय? 1916 मध्ये त्याने एक पुस्तिका काढली. तीत भुईमूग कसा पिकवावा हे तर होतेच, शिवाय दाण्यांचे 105 खाद्यपदार्थ कसे करावेत, हेही होते. शेतातील ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत पोचले पाहिजे, हे त्या थोर शास्त्रज्ञाने ओळखले होते. आणखी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. शिक्षणाच्या काळात पोट भरण्यासाठी त्याने लोकांचे कपडे धुतले होते. स्वयंपाक आणि विणकाम ही कामेही तो उत्तम रीतीने करी. या कामांनी त्याच्या विद्वत्तेला कमीपणा आला नाही. मग भांडे विसळल्याने किंवा लाडू वळल्याने एखाद्या मुलाला कमीपणा कसा येईल?

शेंगदाण्याच्या लोण्याचे पदार्थ अमेरिकेतील घरांत नाताळच्या सुटीत हौसेने केले जातात. ओहायो राज्यातील एक पदार्थ तर आपल्या लाडवाचा सख्खा भाऊ शोभेल. शेंगदाण्याचे लोणी, साधे लोणी आणि पिठीसाखर एकत्र मळून त्याचे लहान लाडू वळतात. नंतर ते वितळलेल्या चॉकलेटमध्ये असे बुडवतात, की वरचा थोडासा गोल भाग उघडा राहावा. ओहायोचा राज्यवृक्ष ‘बकआय’ याच्या बीसारखा तो लाडू दिसतो, म्हणून त्यालाही तेच नाव मिळाले आहे. त्यासाठी भट्टी लागत नाही. त्यामुळे हे वळण्याचे काम लहान मुलांनाही सहज करता येते. देश निराळा, सण निराळा, साखरेच्या जागी गूळ. पण तळहातावर गोळा घेऊन तो फिरवण्याची क्रिया तीच. सणाला काही गोड करावे आणि ते लहानथोरांनी मिळून करावे, ही इच्छा कोणा एका देशाची मिरास नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचाही विचार केला पाहिजे. ‘मुलांना अभ्यास असतो’ हा पहिला आक्षेप. परंतु वर्षातील एका संध्याकाळचे दोन तास दिल्याने कोणाचा अभ्यास बुडत नाही. ‘स्वयंपाक हे मुलींचे काम’ हा दुसरा आक्षेप. यात तर काहीच अर्थ नाही. लाडू खाताना जो भेद कोणी पाळत नाही, तो लाडू करतानाही पाळू नये. ‘मुले सांडलवंड करतात’ हा तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय एकच : ज्याने सांडले, त्यानेच केर काढावा. पदार्थ करून झाल्यावर कढई घासणे, ओटा पुसणे आणि सूप जागेवर टांगणे हाही त्या पदार्थाचाच भाग आहे. लाडू वळून पसारा आईसाठी ठेवणे याला मदत म्हणत नाहीत.

विकतच्या लाडवांना नावे ठेवण्याचेही कारण नाही. चिक्कीमुळे लोणावळ्याचे नाव सर्वत्र झाले आणि त्या धंद्यावर अनेक कुटुंबे पोसली जातात. गावोगावचे महिला बचत गट लाडू करून विकतात, तेही श्रमाचेच फळ आहे. ज्या घरात खरोखरच कोणाला सवड नाही, तेथे एकट्या आईला रात्री जागवण्यापेक्षा अशा कष्टकऱ्यांकडून लाडू आणणे केव्हाही चांगले. प्रश्न घरच्या आणि दारच्या लाडवाचा नाही. श्रम कोणाचे आणि त्यांची जाणीव कोणाला, हा आहे.

लाडू वाटताना एक पथ्य मात्र पाळावे. काही माणसांना शेंगदाणे बाधतात. थोडासा अंश पोटात गेला, तरी त्यांचा श्वास कोंडू शकतो. त्यांना ‘एक खाल्ल्याने काय होते!’ असा आग्रह करणे म्हणजे प्रेम नव्हे, अविचार होय. नुसत्या तिळाचा लाडू देतानाही तो दाण्यांच्या कुटाला लागलेला नाही ना, हे पाहावे आणि तीळ चालतात ना, हेही विचारावे. अगदी लहान बाळांना अख्खे दाणे देऊ नयेत. ते घशात अडकण्याची भीती असते. गोड बोलण्याच्या सणाला आधी विचारणे, हेही गोड बोलणेच आहे.

शेवटचे काम वळण्याचे. कूट, गूळ, तूप आणि वेलदोड्याची पूड एकजीव करून सर्वांनी ताटाभोवती बसावे. आजीचे लाडू सारखे आणि गोल होतील. धाकट्याचा एखादा वेडावाकडा होईल, एखादा फुटेल. फुटलेला पुन्हा वळता येतो. आजीच्या बोटांना जे साधले आहे, त्यामागे किती संक्रांती गेल्या असतील, हे त्या वेळी नातवंडांना प्रथमच कळेल. वडिलांनी दाणे पाखडलेले असतील, ताईने गूळ चिरलेला असेल, धाकट्याने खराब दाणे वेचलेले असतील. आईही ताटाभोवती बसलेली असेल. पण त्या रात्री ती सर्वांबरोबरच निजावयास जाईल. दुसऱ्या दिवशी ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे म्हणून शेजाऱ्यांच्या हातावर लाडू ठेवताना ‘हे कोणी केले?’ असे कोणी विचारले, तर ‘आम्ही सर्वांनी’ हे उत्तर त्या घरातील प्रत्येकाला मान वर करून देता येईल.