गंधाचा पहारा

कडधान्याला लागणारी कीड हे घरोघरचे जुने दुखणे आहे. उन्हाळ्यात भरून ठेवलेली चवळी पावसाळ्यात उघडावी, तो दाण्यादाण्याला गोल भोक पडलेले! हा प्रताप भुंगेऱ्याचा. त्याची मादी दाण्यावर अंडी चिकटवते, अळी आत शिरून दाणा पोखरते आणि उबदार हवेत सुमारे महिन्याभरात नवी पिढी बाहेर पडते. पुष्कळदा शेतातील वाळत्या शेंगांवरच अंडी घातली जातात व कीड धान्यासोबत घरात येते.

ही मादी नराला बोलावण्यासाठी एक सूक्ष्म गंध सोडते. कीटकांच्या अशा कामगंधाचे रासायनिक स्वरूप प्रथम जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी १९५९ साली उलगडले. त्यासाठी रेशमाच्या पतंगाच्या सुमारे ५ लाख माद्या खर्ची पडल्या. चवळीवरील भुंगेऱ्याच्या गंधातील पाच आम्ले १९९६ साली ओळखली गेली. अशी द्रव्ये प्रयोगशाळेत तयार करून सापळ्यात ठेवता येतात. नर त्या खोट्या हाकेला भुलून सापळ्यात सापडतो.

मग सापळा ठेवला की काम झाले, असे कित्येकांस वाटते. आम्हांस हे मत मान्य नाही. या सापळ्यात येतात ते नर. मागे उरलेला एकच नर अनेक माद्यांना पुरतो, आणि मीलन झालेली एकेक मादी शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. केवळ सापळ्याच्या भरवशावर राहणाऱ्याची कणगी रिकामी झाल्यास नवल नाही.

तरीही या शोधाची थोरवी आम्ही कमी लेखत नाही. कीड आल्याची वर्दी सापळा वेळेवर देतो. ती वर्दी नसली म्हणजे माणूस भयापोटी कोठारात विषारी वायूची धुरी देतो, आणि तो वायू माणसाच्याही जिवावर उठतो. केव्हा उपाय करावा व केव्हा करू नये हे कळणे, हाच या गंधाचा खरा लाभ होय.

बाकीचे काम आपल्याच हाती आहे. धान्य कडक उन्हात वाळवावे, डाळीला तेलाचा हात द्यावा, डब्याचे झाकण घट्ट असावे. वडीलधाऱ्यांच्या या रीती शास्त्राला धरूनच आहेत. पहारेकरी ठेवला म्हणून दाराची कडी लावावयाची कोणी सोडत नाही.