गाण्याची निर्यात आणि भाषेचे मोल

आइसलंडमधील आउसगेइर त्राउस्ती या तरुण लोकगायकाची पहिली ध्वनिमुद्रिका 2012 साली निघाली. गीते आइसलंडिक भाषेतील असून त्यांपैकी बहुतेक त्याच्या वयोवृद्ध कवी पित्याने रचलेली होती. त्या वेळी देशाची लोकसंख्या जेमतेम सव्वातीन लाख. तरीही दर दहा माणसांमागे एकाने ही ध्वनिमुद्रिका घेतली, असे तेव्हा सांगितले गेले. पुढे जॉन ग्रँट या अमेरिकन गायकाच्या साहाय्याने गीतांचे इंग्रजी रूपांतर झाले आणि ‘इन द सायलेन्स’ या नावाने ती परदेशी श्रोत्यांपर्यंत पोचली.

या यशाकडे केवळ कौतुकाने पाहून भागणार नाही. ध्वनिमुद्रणाचा खर्च श्रोते लाखभर असोत वा कोटीभर, जवळजवळ सारखाच येतो. साहजिकच लहान भाषेतील कलावंतावर दरडोई भार अधिक पडतो आणि इंग्रजीचा मोह बळावतो. मोठी बाजारपेठ हवी तर स्वभाषा सोडा, असा हा अलिखित करार आहे.

आइसलंडने यावर काही उपाय योजले. संगीताच्या निर्यातीसाठी 2006 मध्ये स्वतंत्र कार्यालय निघाले. 2017 पासून देशात होणाऱ्या ध्वनिमुद्रणाच्या खर्चापैकी 25 टक्के रक्कम सरकार परत करते. करदात्याने गायकाचा खर्च का सोसावा, हा आक्षेप रास्त वाटला तरी अपुरा आहे. भाषा जिवंत राहण्याचा लाभ तिकीट न काढणाऱ्यालाही मिळतो. बाजारभावात त्याची नोंद होत नाही. मात्र ही सवलत गीताची भाषा पाहत नाही, परदेशी कलावंतांनाही ती मिळते. तिने ध्वनिमुद्रणाच्या धंद्याला बळ येईल. भाषेला येईलच असे नाही.

तेव्हा खरा आधार घरच्या श्रोत्याचाच. त्याने आधी मूळ शब्दांना दाद दिली, म्हणूनच रूपांतराला बाहेर किंमत आली, हा क्रम विसरता कामा नये. या गायकाने 2017 चा संग्रह प्रामुख्याने इंग्रजीत काढला. 2020 मध्ये मात्र एकच संग्रह दोन्ही भाषांत एकाच वेळी दिला. खर्चाचा हा मार्ग अधिक महाग, पण अधिक शहाणपणाचा आहे. सार्वजनिक पैसा द्यायचाच असेल, तर तो प्रथम या दुसऱ्या प्रतीसाठी, म्हणजेच स्वभाषेतील शब्दांसाठी दिला जावा. स्वर सीमा सहज ओलांडतात. शब्दांना मात्र घरीच कोणीतरी सांभाळावे लागते.